मदत हवी आहे: सड्यावरचा चिमुकला कोळी ओळखायचा आहे

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), करवंदीच्या जाळीत, गोल जाळं विणणारा एक कोळी सापडलाय. जेमतेम 4 मिमी. जाळ्याच्या मधोमध खाल्लेल्या माश्या-मुंग्यांचा कचरा उभ्या रेषेत लावलेला, आणि हा त्याच रेषेत पाय दुमडून बसतो. जाळं हलवलं तरी जागचा हलत नाही. या सवयीवरून सायक्लोसा या कोळ्यांच्या गटातला असावा, पण पोटाच्या मागच्या टोकावरचे दोन उंचवटे मी पाहिलेल्या कुठल्याच फोटोशी जुळत नाहीत.

नुसत्या रंगावरून प्रजाती ठरत नाही, हे ठाऊक आहे. प्रौढ मादीच्या पोटाखालचं जननेंद्रिय आणि नराच्या तोंडाशेजारचे फुगीर स्पर्शपाद सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. मादी मिळाली, नर काही दिसत नाही. तो कुठे, कोणत्या दिवसांत शोधू? मादी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली आहे. डीएनएसाठी दुसरी वेगळी ठेवावी का? पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्राकडे नमुना द्यायचा तर आधी कोणत्या नोंदी लागतात?

कोणी हे काम केलं असेल तर कृपया लवकर सांगा. शेजारच्या कातळावर चिऱ्याची खाण सुरू झाली आहे आणि ती रोज पुढे सरकतेय.