शुक्रवारची तालीम आणि रटगर्स

प्रेषक: सचिव
विषय: १० ऑक्टोबर २०२५ ची तालीम, वाहतुकीची सूचना

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या नाटकाची शुक्रवारची तालीम ठरल्याप्रमाणे संध्याकाळी साडेसहाला, युनिव्हर्सिटीजवळच्या हॉलमध्ये. पण त्याच संध्याकाळी सहाला हस्की स्टेडियममध्ये सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ विरुद्ध न्यू जर्सीचं रटगर्स असा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे. बेलव्ह्यू-रेडमंडकरांनी ५२० चा पूल आणि माँटलेकची एक्झिट त्या दिवशी विसरावी, आय-९० ने वळसा घालून यावं आणि लवकर निघावं. दुसऱ्या अंकातल्यांनी कृपया संवाद पाठ करून या. मागच्या वेळी प्रॉम्प्टरचा घसा बसला.

सचिव

---

प्रेषक: काका (बेलव्ह्यू)
विषय: उत्तर: १० ऑक्टोबरची तालीम, वाहतुकीची सूचना

रटगर्स? आमचं रटगर्स?

मी १९८४ च्या ऑगस्टमध्ये पिस्कॅटवेला एम.एस. करायला उतरलो. तेव्हा सीनियर मुलं पहिल्याच आठवड्यात ऐकवायची की देशातला पहिला कॉलेज फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये झाला आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. त्यानंतर काय झालं, हे मात्र कुणी सांगत नसे!

असो. मी गेली काही वर्षं फक्त क्रिकेट बघतो, म्हणून विचारतो. न्यू जर्सीचा संघ लीगच्या एका साध्या सामन्यासाठी सुमारे २४०० मैल उडून इकडे कशाला येतोय? वॉशिंग्टन तर पॅसिफिक किनाऱ्याच्या लीगमध्ये होतं ना, ती कुठे गेली? आणि कॉलेजचा सामना शनिवार सोडून शुक्रवारी कधीपासून? शुक्रवार शाळेच्या पोरांचा असायचा.

तालमीला येतोय. माझे संवाद पाठ आहेत.

---

प्रेषक: पुलमनवाला (रेडमंड)
विषय: उत्तर: १० ऑक्टोबरची तालीम, वाहतुकीची सूचना

काका, स.न.वि.वि.

तुम्ही नेमक्या वेळी उतरलात. सगळ्या भानगडीचं मूळ १९८४ च्याच उन्हाळ्यात आहे. तोवर कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं आणि कोणाचं, हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशव्यापी संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया यांनी दावा लावला, सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. मग ज्याचा माल त्याने विकावा. एकट्याने बाजारात बसण्यापेक्षा गट करून विकला तर भाव बरा मिळतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपसात खेळण्यासाठी काढलेल्या कॉन्फरन्सची अशी हळूहळू अडत झाली.

रटगर्सचं म्हणाल, तर बिग टेन या मिडवेस्टातल्या कॉन्फरन्सने २००७ साली स्वतःची वाहिनी काढली. केबलचा हिशेब असा, की ज्या राज्यात आपला संघ आहे तिथे घरटी दर जास्त, बाहेर नाममात्र. न्यू जर्सीत घरं किती आणि खाडीपलीकडे न्यूयॉर्क! म्हणून २०१२ साली रटगर्सला आवतण, आणि २०१४ पासून प्रवेश. संघ कसा खेळतो हे कुणी विचारलं नाही. राग मानू नका, पण मुलगी न बघता सासऱ्याचा सातबारा बघून जमवलेली सोयरीक होती ती.

आता आमच्या घरातलं. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून थेट पुलमनला आलो, वॉशिंग्टन स्टेटला (सिॲटलचं वॉशिंग्टन वेगळं), गव्हावर पीएच.डी. करायला. सिॲटलहून गाडीने पाचेक तास, आयडाहोची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि चहूकडे गव्हाच्या टेकड्या. त्या गावात फुटबॉलचा शनिवार म्हणजे जत्रा. ईएसपीएनचा शनिवार सकाळचा कार्यक्रम देशात कुठेही असो, गर्दीत आमच्या कूगरचा झेंडा फडकतोच. २००३ पासून एकही खेप चुकलेली नाही, हौशी मंडळी एकमेकांकडे झेंडा पोचवतात. वारीच म्हणा.

तुम्ही विचारलेली पॅसिफिक किनाऱ्याची लीग म्हणजे आमची पॅक-१२. तिचं मूळ १९१५ चं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनकडे निघाली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. राहिलेल्या दहांनी तेव्हाच शहाणपणाने सौदा उरकायचा. बातम्या अशा होत्या, की ईएसपीएन संघामागे वर्षाला ३ कोटी डॉलर द्यायला तयार होतं आणि आमच्या कुलगुरूंनी ५ कोटी मागितले. तोवर बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सने झटपट करार करून माणशी ३.१७ कोटी पदरात पाडले. आमच्यापुढे शेवटी आलं ते ॲपलचं स्ट्रीमिंग, सुमारे २.३ कोटी आणि वर ग्राहक वाढतील तसं वाढीव. भाव आणखी चढेल म्हणून कापूस घरात ठेवणारा शेतकरी माझ्या घरात होऊन गेलाय. त्यामुळे पुढचं मला आधीच दिसत होतं.

जुलै २०२३ च्या शेवटी कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला, शुक्रवारीच, सकाळी सगळे सह्या करतील असं वाटत होतं, आणि संध्याकाळपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग १२ मध्ये. सप्टेंबर उजाडला तेव्हा स्टॅनफर्ड आणि बर्कली ‘अटलांटिक’ किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये! बिग टेनमध्ये अठरा संघ, बिग १२ मध्ये सोळा, आणि अटलांटिकच्या लाटा थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मागे उरले दोघं. कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि आम्ही. दोन्ही मूळची शेतकी कॉलेजं, दोन्ही छोटी गावं. टीव्हीवाल्यांच्या नकाशावर आम्ही गावही नाही, बाजारही नाही. दोघांनी कोर्टात जाऊन निदान घराच्या किल्ल्या तरी राखल्या, आणि जाणाऱ्या दहा जणांना मिळून ६.५ कोटी सोडावे लागले. गंमत म्हणजे शेवटचा मोसम सगळ्यात रंगला. त्याच वर्षी वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मिशिगनकडून हरलं. मला वाईट वाटलं नाही.

आता पुलमन म्हणजे रोपवाटिका. कॅम वॉर्ड आमच्याकडे दोन मोसम खेळला, मायामीला गेला आणि व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकाने उचलला गेला. जॉन मटीरला आमच्या मातीत रुजवला, तो ओक्लाहोमाला. तो गेला तेव्हाच कोचही गेले. जुलै २०२६ पासून बॉइझी, फ्रेस्नो, सॅन डिएगो वगैरे येऊन पॅक-१२ ची पाटी पुन्हा लागणार आहे. पाटी जुनी, दुकान नवं.

शुक्रवारचं कारण अगदी साधं. फॉक्सकडे शुक्रवारी रात्री नाटकी कुस्तीचा कार्यक्रम असे. तो २०२४ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि वेळ रिकामी झाली. रिकाम्या वेळेत काहीतरी लावायला हवं. म्हणून तुमची तालीम अडली.

---

प्रेषक: ताई (सॅमामिश)
विषय: उत्तर: शुक्रवार आणि फुटबॉल

पुलमनवाले दादा, छान लिहिलंत. पण सगळी रडकथा फुटबॉलची. तो संघ वर्षात पाच-सहा वेळा बाहेर जातो, तोही चार्टर विमानाने.

माझी मुलगी कॉलेजात टेनिस खेळते. कुठल्या, ते लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पूर्वी त्यांचे दौरे म्हणजे ओरेगन, बे एरिया, फार तर ॲरिझोना. आता एका फेरीत मिडवेस्टातले दोन सामने, साध्या विमानाने, मध्ये एक थांबा. गेल्या वसंतात ती सोमवारी पहाटे दोनला खोलीवर पोचली आणि नऊला ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा. विमानतळावर जमिनीवर बसून मुली अभ्यास करतात, फोटो माझ्याकडे आहेत. हे सगळं कशासाठी? तिचे सामने बघायला तीस माणसं असतात, त्यातले निम्मे आम्ही पालक. फुटबॉलचा करार झाला म्हणून टेनिस, व्हॉलीबॉल, पोहणं सगळ्यांनीच खंड ओलांडायचा. फुटबॉल वेगळं काढा आणि बाकीच्यांना शेजारीच खेळू द्या, हे इतकं अवघड आहे का?

आणि ज्यांची मुलं अजून शाळेत खेळतात त्यांच्यासाठी: इथे बरेच जण पोरांना रोज सकाळी कोर्टवर नेतात, स्कॉलरशिप मिळेल या आशेने. डोळे उघडे ठेवा. मुलग्यांच्या टेनिसला संपूर्ण संघात मिळून साडेचार स्कॉलरशिप, अशी कित्येक वर्षं मर्यादा होती. आता त्या मर्यादा जाऊन संघात किती जण ठेवायचे याची मर्यादा आली, पण म्हणून कॉलेज पैसे देईलच असं नाही. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कोच लोकांना दुसऱ्या कॉलेजातली तयार मुलं मिळतात, मग अठरा वर्षांचं कच्चं पोर घेऊन घडवायचं कुणी? वर परदेशातून आलेल्या मुली, वयाने मोठ्या, खेळात पक्क्या. त्यांचंही सोपं नाही, एफ-१ व्हिसावर जाहिरातीचे पैसे घ्यायची भीती, त्यामुळे संघातली एक मैत्रीण समोर आलेला करार सोडून बसलीय.

आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही आणि या नव्या पैशांच्या खेळातही उतरलेली नाही. ज्यांना अभ्यास आणि खेळ दोन्ही हवंय त्यांनी तिकडे आणि डिव्हिजन तीनकडे, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप न देणाऱ्या छोट्या कॉलेजांकडे बघावं. आम्ही उशिरा बघितलं.

---

प्रेषक: हिशेबनीस (बॉथेल)
विषय: उत्तर: शुक्रवार आणि फुटबॉल

ताईंशी सहमत, दादांशी अर्धा. जुने दिवस सोन्याचे होते असं वाटतं, पण ते सोनं कुणाकडे होतं? मैदानावर डोकी आपटून घेणाऱ्या पोरांकडे नव्हतं. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं आणि घरी बसण्यासाठी ७.५ कोटी डॉलरहून जास्त देणं मान्य केलं. त्याच वेळी खेळाडूला विद्यापीठाने पगार म्हणून छदाम दिला तर नियमभंग.

ते बांध कोर्टाने फोडले. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरोधात गेले, आणि १ जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येऊ लागल्या. ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत २.८ अब्ज डॉलर, आणि या वर्षापासून प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना थेट २.०५ कोटींपर्यंत देऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी त्यातले सुमारे ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे. ताईंची मुलगी त्या ‘बाकी सगळे’मध्ये. शिक्षणात स्त्री-पुरुष समानतेचा १९७२ चा टायटल नाइन कायदा या वाटणीला लागू होतो की नाही, यावर वकिलांची अजून बरीच दिवाळी व्हायची आहे.

काका, तुमच्या क्रिकेटच्या भाषेत: आयपीएलचे २०२३ ते २७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. बिग टेनचा करार त्याच पंगतीतला आहे. फरक इतकाच, की आयपीएलमध्ये खेळाडूचा लिलाव उघड होतो आणि पैसे त्याला मिळतात.

नव्या सुनांचे हाल मात्र बघा. वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेले ते निम्म्या वाट्यावर, सुरुवातीला सुमारे ३ कोटी. स्टॅनफर्ड आणि बर्कलीला टीव्हीच्या पैशांतला सुमारे ३० टक्केच वाटा, सात वर्षं. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हणून त्याच अटलांटिक कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळवला. आणि यूसीएलएने घर सोडलं म्हणून दोघांच्याही मालकांनी, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सनी, तिला बर्कलीला वर्षाला १ कोटी द्यायला लावले. पोटगीच ती.

---

प्रेषक: पुलमनवाला (रेडमंड)

पोरांना पैसे मिळावेत यावर माझं काहीच म्हणणं नाही, वीस वर्षं आधी मिळायला हवे होते. पण पैसे कुणाच्या ताटातून निघतात तेही मांडा, हिशेबनीस. वॉशिंग्टन स्टेटने या जूनमध्ये ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकी बंद केल्या, स्प्रिंटर जेमतेम ठेवले. लांब पळणारे राहिले. भालाफेक करणाऱ्या पोराने कोणत्या वाहिनीकडे दाद मागायची?

आणि २०२४ चा ॲपल कप, म्हणजे वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट हा दरवर्षीचा सामना, आम्ही जिंकलो, २४-१९. थँक्सगिव्हिंगची परंपरा मोडून सप्टेंबरात खेळवला, तरी जिंकलो. नोंद असावी.

---

प्रेषक: एक सभासद (कर्कलंड)

ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे ना? मला सकाळपासून सहा मेल आले आणि फराळाच्या ऑर्डरची शेवटची तारीख अजून कळलेली नाही.

---

प्रेषक: सचिव
विषय: तालीम रविवारी, फराळ १२ पर्यंत

फराळाची ऑर्डर १२ तारखेपर्यंत. चकल्या यंदा मोजक्याच आहेत.

चर्चा वाचून पाच जणांनी शुक्रवारी येता येणार नाही असं कळवलं आहे. त्यातल्या दोघांकडे सामन्याची तिकिटं निघाली! तालीम रविवारी दुपारी तीनला, त्याच हॉलमध्ये. ताई, तुमचं टेनिसवरचं वेगळं लिहून द्या, दिवाळी अंकात घेऊ.

---

प्रेषक: काका (बेलव्ह्यू)

रविवार चालेल. म्हणजे शुक्रवार मोकळा झाला. माझा रटगर्सचा लाल स्वेटर माळ्यावर आहे, १९८५ चा, बसेल की नाही शंका आहे. कुणाकडे जादा तिकीट?

---

प्रेषक: पुलमनवाला (रेडमंड)

काका, हस्कींना माझ्या खिशातला एक पैसा जाणार नाही अशी मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये शपथ घेतली होती. पण तिकीट दुसऱ्या कुणी काढलं तर शपथ मोडत नाही. पाच वाजता घ्यायला येतो. मी कूगरची टोपी घालून रटगर्सच्या नावाने ओरडणार, शेजारी बसायला हरकत नसेल तर कळवा.