अनुभव धागा : लबाडीच्या गोष्टी चित्रांतून सांगताना

बडोद्यात लहानग्यांना गोष्टी सांगणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. तीन ते सात वर्षांच्या मुलांना फसवाफसवीच्या लोककथा चित्रं दाखवून सांगताना काय जमतं, काय बिघडतं आणि का, ते लिहा. आठवणी नकोत. मापं, कागद, वेळ, शब्द असं दुसऱ्याला उद्या वापरता येईल ते हवं.

दांडिया बाजार, बालवाडी

सुरुवात 'चल रे भोपळ्या'ने करा. 'वाघाला वाटतंय एक आणि खरं आहे दुसरंच' हे मुलाला चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. त्याआधी युक्ती कळत नाही, टुणूक टुणूक मात्र कळतं, आणि तेवढं पुरतं.

पुष्कळ चित्रांत म्हातारी भोपळ्यातून डोकं काढून हसत असते. तिथेच गोष्ट संपते, कारण मग ती वाघाला दिसत कशी नाही? म्हातारी मुलाला दिसली पाहिजे, वाघाला नाही. यासाठी साधी झडप करा. चित्रात म्हातारी बसलेली काढायची आणि तिच्यावर नारिंगी कार्डशीटचा १८ सेंमीचा भोपळा वरच्या कडेने चिकटवायचा. सेलोटेप वळणावर लवकर तडकते. दोन बोटं रुंद सुती पट्टी फेविकॉलने लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. वाघाचं बोलणं चालू असताना झडप बंद, वाघ गप्प झाला की एका मुलाने उघडायची.

आणि 'खाईन' शब्द गाळू नका. वाघ 'मैत्री करू' म्हणाला, तर म्हातारीने लपायचं कशाला?

रावपुरा, चित्रपट्ट्या करणारी

पुस्तक दहा मुलांपर्यंत चालतं. त्याहून जास्त मुलं असली, तर ए-थ्री आकाराचे ३०० जीएसएमचे, म्हणजे कार्डासारखे जाड, सुटे कागद घ्या. एका गोष्टीला सहा ते आठ पुरेत. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरून खिडकी कापा, कागदापेक्षा चारी बाजूंनी दीड सेंमी लहान. जपानी कामिशिबाई अशीच चालते. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे चित्रकथीही सुटी चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट सांगतात.

मजकूर पाठीमागे लिहिताना पहिल्यांदा सगळ्यांचाच घोळ होतो. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कागदाच्या पाठीवर येतो, कारण सांगणाऱ्यासमोर असते ती शेवटच्याचीच पाठ. पहिला कागद काढून मागे लावला की त्याच्या पाठीवर दुसऱ्या चित्राचा मजकूर हवा. पुढे तसंच.

आता खरी गंमत. कागद मुलांच्या डावीकडे ओढला, की पुढच्या चित्राचा उजवा भाग आधी उघडतो. ससा-सिंहाच्या गोष्टीत उजवीकडे वाकलेला सिंह काढा आणि डावीकडे पाण्यातला 'दुसरा' सिंह. कागद अर्ध्यावर थांबवायचा. सिंह कोणाकडे बघून गुरगुरतोय, ते मुलंच ओरडून सांगतात. मग उरलेला ओढायचा.

बाह्यरेषा ३-४ मिमी जाड ठेवा, मागची झाडंझुडपं जवळजवळ नाहीत इतकी कमी. विहीर गोल, काठाची काढा. बडोद्याच्या मुलांच्या डोळ्यांसमोर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर असते, नवलखी किंवा सेवासीची. पायऱ्या दिसल्या की प्रश्न ठरलेला : सिंह चढून वर का नाही आला?

फतेगंज

कोल्हा म्हणून लाल अंगाचा, पांढऱ्या शेपूट-टोकाचा प्राणी काढतात. तो युरोपातला. आपला कोल्होबा करडा-पिवळट, लांब पायांचा. खोकड वेगळी, तिच्या शेपटीचं टोक काळं. घरी मराठी आणि शाळेत गुजराती असलेल्या मुलांना 'कोल्हा म्हणजे शियाळ' एवढं एकदाच सांगा, गोष्टीत मात्र कोल्हाच राहू द्या.

निळीच्या पिंपात पडलेल्या कोल्ह्याची कोल्हेकुई शेवटच्या चित्राआधी काढू नका. सांगणाऱ्याला हौस असते, पण ती त्या गोष्टीची किल्ली आहे.

कारेलीबागेतून, विश्वामित्रीच्या जवळ

माकड आणि मगर. आपल्याकडे ही गोष्ट जपून सांगावी लागते, कारण मगर नदीतच आहे. २०२४च्या पुरात मगरी वस्तीत आल्या, ते मुलांनी बघितलं-ऐकलं आहे. मगर हिरवीगार रंगवू नका. मातकट, शेवाळी करडी असू द्या. गोष्टीआधीच एक वाक्य ठामपणे : गोष्टीतली मगर बोलते, नदीतली बोलत नाही, तिच्या जवळ जायचं नाही. हे शेवटी सांगितलं तर माकडाने मिळवलेला आनंद विझतो.

'काळीज तर जांभळीवर राहिलं!' या वाक्यापाशी पान उलटायच्या आधी मनात तीन आकडे मोजा. आवाज वाढवू नका, कमी करा.

मग लगेच दुसरी गोष्ट जोडा, इंडोनेशिया-मलेशियातल्या कांचीलची. तो आपल्या पिसोरीचा, म्हणजे हरणासारख्या इवल्या प्राण्याचा, भाऊबंद. 'राजाने तुम्हाला मोजायला सांगितलंय' म्हणून मगरींची रांग लावतो आणि पाठींवरून उड्या मारत नदी पार करतो. लांब पट्टीवर आठ मगरी काढा, मुलं बोटाने उड्या मारत मोजतात.

मांडवी, आजी-आजोबांचा वाचनगट

उजेड मुलांच्या पाठीमागून यावा. खिडकी सांगणाऱ्याच्या मागे असली, तर चित्र काळं दिसतं. गुळगुळीत कागद चमकतो, वरची कड जराशी पुढे झुकवा.

'मग काय शिकलात?' विचारू नका. 'आता सिंहाला काय वाटत असेल?' विचारा, तेही एकदाच.

सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय-चळवळीत, १९१०नंतर, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. तीच रीत सोसायटीत चालते. एका पेटीत पाच गोष्टींचे संच, प्रत्येक संच रबरबँडने नव्हे तर कापडी पिशवीत, कारण रबराने कडा दुमडतात. कागदांना मागे कोपऱ्यात क्रमांक घाला. परत आलेला संच आधी मोजा. सगळ्यात आधी हरवतं ते शेवटचं चित्र, म्हणून त्याची एक जास्तीची प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.