मदत हवी आहे: १४ वर्षांची कुत्री अचानक कोलमडली, मान वाकडी, डोळे भिरभिरतायत (नाशिक)

नमस्कार मंडळी. गडबडीत लिहितेय, चुका पोटात घाला. म्हाताऱ्या कुत्र्यांची दुखणी काढलेल्यांनी कृपया आजच उत्तर द्या, कारण उद्या सकाळी मला डॉक्टरांना काहीतरी सांगायचं आहे.

आमची चिंगी १४ वर्षांची. गावठी, वजन १६ किलो. पिल्लू असताना गंगापूर रोडला बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सापडली होती. आजवर एकदा गोचीडताप झाला, तेवढंच मोठं दुखणं. सोमवारी संध्याकाळी फिरून आली, दहीभात खाल्ला, आईच्या पलंगाखाली झोपली.

पहाटे पावणेतीनला धप्प आवाज आला. दिवा लावला तर चिंगी फरशीवर चारी पाय फाकून पडलेली. मान डावीकडे पिळल्यासारखी. उठायला गेली की डावीकडेच कोसळायची, दोनदा तर पूर्ण लोळण घेतली. बुबुळं आडवी सरकत होती, एका बाजूला हळू आणि मग झटक्यात परत. पिवळा फेस ओकली. मी तिला उचललं तेव्हा तिने माझ्या दंडात नखं रोवून धरलं. असं तिने कधी केलं नव्हतं.

रात्री चार ठिकाणी फोन केले, एकाने उचलला आणि सकाळी आणा म्हणाले. आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा, दोघांनी चादरीत घालून उतरवली. दवाखान्यात खूप गर्दी होती. डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं आणि म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे, वय झालंय, दोन दिवसांत उभी राहिली नाही तर कायमचं झोपवायचा विचार करा. त्यांनी वाईट हेतूने सांगितलं असं मी म्हणत नाही. पण ते दोन दिवस उद्या संपतात.

आज ती ओकलेली नाही. डोळे अजून फिरतात, थोडे कमी. हाक मारली की शेपटी हलवते. भाताची पेज बोटाने चाटवली तर चाटते. उभी राहत नाही. जागेवरच लघवी होते आणि मग ती फार ओशाळते, तोंड भिंतीकडे करते. ते बघवत नाही.

माझी आई ८३ वर्षांची आहे. तिला तीन वर्षांपूर्वी कानामुळे चक्कर येण्याचा त्रास झाला होता, आठ दिवस पलंगाची कड धरून होती. ती परवा रात्रीपासून एकच सांगतेय, "अगं, हे अर्धांग नाही. तिच्याभोवती घर फिरतंय. मला कळतंय ना." मी तिला दोनदा गप्प केलं. पण आता मलाही वाटतंय की ती म्हणते ते खरं असेल. असं कोणाच्या कुत्र्याला झालंय का? त्यातून ते उठलं का? किती दिवस वाट बघणं योग्य, आणि कुठल्या क्षणी थांबणं म्हणजे तिचे हाल करणं ठरेल?

प्रतिसाद १
ताई, मी पशुवैद्यक आहे. न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या आईंचं म्हणणं अगदी गांभीर्याने घ्या. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये ती कधी कधी एकाएकी बिघडते, बऱ्याचदा कारणही सापडत नाही. त्याला वेस्टिब्युलर सिंड्रोम म्हणतात. दिसायला हुबेहूब झटका, म्हणून गल्लत होते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात आणि नेमके त्याच दिवसांत लोक निर्णय घेऊन मोकळे होतात. बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत चालायला लागतात. मान थोडी वाकडी राहू शकते, त्याने त्यांचं काही अडत नाही.

मेंदूतला बिघाड असेल तर चित्र वेगळं असतं. बुबुळं वरखाली हलतात, कुत्रं गुंगीत राहतं, पायांतली ताकद जाते. घरी एक करून बघा. कोणीतरी पोटाखाली आधार द्या आणि एकेक पंजा उलटा करून जमिनीवर टेकवा. तो लगेच सुलटा करते की तसाच ठेवते, ते सांगा. शिवाय गेल्या महिन्यात जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल दिलं होतं का? जास्त मात्रेत किंवा फार दिवस दिलं तर त्यानेही असंच होतं. आणि कानाला काही झालं होतं का?

धागाकर्ती
डॉक्टर, खूप आभार. आत्ताच केलं. आईने टॉवेलने पोट उचलून धरलं. चारही पंजे तिने लगेच सुलटे केले. बुबुळं आडवीच हलतात. मेट्रोनिडाझोल दिलेलं नाही.

कानाचं मात्र विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. पंधरा दिवस ती डावा कान खाजवत होती, वासही येत होता. घरात मागच्या वर्षीच्या कानाच्या थेंबांची बाटली होती, ती मी आठ दिवस घालत होते. बाटलीवर जेंटामायसिन लिहिलंय. हे मी काल दवाखान्यात सांगितलंच नाही, लक्षातच आलं नाही. माझ्यामुळे झालं का हे?

प्रतिसाद १
ते आता कोणीच ठामपणे सांगू शकणार नाही. कान आधीपासून बिघडला होता, आणि तो संसर्ग आत उतरला तरी हीच लक्षणं येतात. पण थेंब या क्षणी बंद. कानाचा पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करतात, म्हणून आत बघितल्याशिवाय थेंब घालायचे नसतात.

उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि हा सगळा इतिहास पहिल्या वाक्यात सांगा. कान दुर्बिणीतून बघायला सांगा. रक्तात प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळतं) आणि जमल्यास थायरॉईड तपासून घ्या. एमआरआयची घाई आज नको. सुस्त होत गेली, फिट आली किंवा पाय लुळे पडले तरच मुंबईचा विचार करा. महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ साली सुरू झालंय. पण चक्कर येणाऱ्या जिवाला कसारा घाटातून विनाकारण नेऊ नका.

प्रतिसाद २
काकू, मी देवळालीचा. आमच्या लॅब्रॅडॉरला १३व्या वर्षी हेच झालं होतं. ३४ किलोचं धूड, त्यामुळे सगळे प्रयोग करून झालेत.

गुळगुळीत फरशीवर अजिबात ठेवू नका. गोधडी घसरते, तिच्याखाली रबरी मॅट घाला. दोन्ही बाजूंना उशा लावा. रात्री छोटा दिवा चालू ठेवा, अंधारात त्यांना काहीच आधार राहत नाही. उचलताना हवेत लोंबकळू देऊ नका, अंग छातीशी घट्ट धरा. तुमच्या दंडात नखं रोवली ती त्याच भीतीने. पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने थोडं थोडं द्या, मान वर करून ओतू नका, श्वासनळीत जातं. तीन-चार तासांनी कूस बदला. दर काही तासांनी टॉवेलची झोळी पोटाखाली घालून उभी करा, लघवी तेव्हाच होईल आणि तिचं ओशाळणं थांबेल. चिकन उकडून त्याचं पाणी पेजेत घाला, कांदा-लसूण नको. कोणी काहीही सांगितलं तरी माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका.

आमचा चौथ्या दिवशी उभा राहिला. पुढे पावणेदोन वर्षं जगला.

प्रतिसाद ३
दुसरी बाजूही असावी म्हणून लिहितो. आमच्या पामेरियनला असंच झालं आणि तो उठला नाही. पाच दिवस आम्ही थांबलो. शेवटी तो आम्हाला ओळखत नव्हता, पाणी गिळत नव्हता, रात्रभर ओरडायचा. मग इंजेक्शन दिलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुमची चिंगी हाकेला शेपटी हलवतेय, चाटतेय. थांबा.

धागाकर्ती (नववा दिवस)
उशिरा लिहितेय, माफ करा. रोज रात्री झोपच अनावर व्हायची.

गुरुवारी इथे एका खाजगी निरोपातून मिळालेल्या पत्त्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. कानात इतका मळ आणि सूज होती की पडदा दिसलाच नाही. मधल्या कानापर्यंत संसर्ग गेला असावा असं ते म्हणाले. पोटातून प्रतिजैविक सुरू केलंय, निदान चार आठवडे. रक्त ठीक आलं, क्रिएटिनिन वयाच्या मानाने किंचित जास्त. माझ्या थेंबांबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली आणि बाटली ठेवून घेतली. ती गोष्ट माझ्या मनातून जाणार नाही.

पाचव्या दिवशी टॉवेलच्या आधाराने उभी राहिली. परवा टॉवेल सोडला. काल संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला भिंतीला अंग घासत आईच्या पलंगापर्यंत गेली, नेहमीसारखी खाली शिरायला गेली आणि वाकड्या मानेमुळे डोकं पायाला आपटलं. आईने गादीच जमिनीवर घेतलीय. आता दोघी खाली झोपतात. आईला एवढंच विचारायचं होतं की तिचं ऐकायला मला दोन दिवस का लागले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता अडचण तीन मजल्यांची. पाठीवर मूठ असलेला, १६ किलोच्या कुत्रीला पेलणारा पट्टा नाशिकमध्ये कोणत्या दुकानात मिळेल? मोजून बघितलं, छातीचा घेर ६२ सेंटिमीटर आहे.