एमबीबीएस पहिलं वर्ष: व्हायवा (तोंडी परीक्षा) आला की पोरं जागतात अन् अडखळतात

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): वसतिगृहातली पोरं व्हायवाच्या आठवड्यात रात्रभर जागतात, परीक्षकासमोर हात थरथरतात. बरीचशी मराठी माध्यमातली. काय सांगावं?

उत्तर: आधी चहा बघा भाऊ. अंगातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणून शेवटचा कप दुपारी 4 ला. वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, 7 तास सोडू नका. मे महिन्यात दुपारी खोली भट्टीसारखी तापते, अभ्यास पहाटे 5 ते 8.

उत्तर: व्हायवाची भीती वाचून नाही, बोलून जाते. दोघं समोरासमोर बसा, एकाच्या हातात ह्यूमरस (दंडाचं हाड): बाजू कोणती? मागच्या खोबणीतून कोणती नर्व्ह? (रेडियल.) उत्तर मोठ्यानं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. नुसतं इंग्रजी घोकलं की पहिला शब्द निसटला, सगळंच अडतं. थरथरीला 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, 5 मिनिटं. जोरजोरात घेतला तर उलट चक्कर येते.

उत्तर: दोन आठवडे झोप नाही, मेसचं ताट तसंच परत जातंय, तर हे उपाय पुरत नाहीत. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही. ‘जगून काय करू’ असं बोलला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचार विभागात न्या.