मदत हवी आहे: डीसीएसमध्ये सुखुमीच्या विमानतळावर हल्ला, तीन वेगांची विमानं एका वेळेला कशी पोचवायची?

विषय सुरू करणारा: उडता_डोंबिवलीकर

मंडळी, आमचा डीसीएस (लढाऊ विमानं उडवण्याचा संगणकी खेळ) खेळणारा आठ जणांचा गट आहे. बाकी सगळे पुणे-मुंबई पट्ट्यातले, एकजण न्यू जर्सीत. त्यामुळे उड्डाण आपल्याकडे रविवारी सकाळी, त्याच्याकडे शनिवारी रात्री. इतरांनी बनवलेल्या मोहिमा उडवून झाल्या, आता स्वतःची बांधतोय. नकाशा कॉकेशसचा, कारण तो फुकट मिळतो आणि सगळ्यांकडे आहे.

लक्ष्य: सुखुमी-बाबुशेरा विमानतळावरच्या इंधनाच्या टाक्या आणि उभी विमानं. उड्डाण कोबुलेतीहून, सरळ रेषेत साधारण ६४ नॉटिकल मैल. शत्रूकडे एक कुब ही विमानविरोधी क्षेपणास्त्रांची बॅटरी (एक रडार, चार लाँचर), दोन शिल्का (विमानविरोधी तोफांच्या गाड्या), खांद्यावर इग्ला क्षेपणास्त्र घेतलेले काही सैनिक आणि एक टॉर (क्षेपणास्त्रांची गाडी) ठेवायचा विचार आहे.

आमच्याकडे दोन हॉर्नेट (एफ/ए-१८), एक वायपर (एफ-१६), दोन ए-१०सी आणि तीन सुखोई-२५टी. शेवटची तीन अर्थात फुकटवाली, कारण त्या तिघांनी अजून एकही मॉड्यूल (खेळातलं पैसे देऊन घ्यायचं विमान) विकत घेतलेलं नाही.

अडचण वेगाची आहे. सगळे एकत्र निघाले तर हॉर्नेट लक्ष्यावर घिरट्या घालत इंधन जाळतात आणि ए-१० अजून समुद्रकिनाराच बघत असतात. शिवाय कुठून शिरायचं यावर एकमत नाही: समुद्रावरून खाली खाली, की डोंगराच्या बाजूने? आणि सुखोईवाल्यांना फक्त मागून या म्हणायचं का, की त्यांना खरं काम देता येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फ्लेअर_संपले

निघण्याच्या वेळेपासून हिशोब करू नका. पहिला बॉम्ब पडायची वेळ शून्य धरा आणि तिथून मागे मोजत या. कोण कधी निघणार ते मग आपोआप ठरतं.

ए-१० साठी झुगदिदी, त्क्वार्चेली आणि तिथून पश्चिमेला वळून सुखुमी असा रस्ता धरला तर अंदाजे ८० मैल होतात. भरलेल्या विमानाचा वेग २७० नॉट, म्हणजे मिनिटाला साडेचार मैल, म्हणजे १८ मिनिटं. वर चढायला आणि त्क्वार्चेलीमागे थांबायला वेळ ठेवून त्यांनी कोबुलेती उणे २७ ला सोडावं. हॉर्नेट ४८० नॉटने मिनिटाला आठ मैल कापतं, त्यामुळे ते उणे १५ ला निघालं तरी पुरे.

आता मुख्य गोष्ट. कुबची क्षेपणास्त्रं रडारच्या परावर्तित लहरीवर चालतात, शेवटपर्यंत रडारने लक्ष्य धरून ठेवावं लागतं. आणि अख्ख्या बॅटरीला ते रडार एकच. चार लाँचर, प्रत्येकावर तीन, अशी बारा क्षेपणास्त्रं आहेत म्हणून घाबरू नका. रडारची गाडी गेली की बाराच्या बारा लोखंड. म्हणून लाँचरमागे हार्म (रडारच्या लहरींवर जाणारी क्षेपणास्त्रं) वाया घालवू नका.

माझं वेळापत्रक:
उणे ७: हॉर्नेट समुद्रावर, लक्ष्यापासून २५-२६ मैलांवरून टॅल्ड सोडतात.
उणे ५: हॉर्नेट हार्म मारतात. त्याच वेळी ए-१० त्क्वार्चेलीमागून निघतात.
उणे ३: ए-१० कुबच्या पल्ल्याच्या (सुमारे २५ किमी) कडेवर. इथे रेडिओवर एकच शब्द हवा, ‘मेली’ (म्हणजे कुबचं रडार गेलं) किंवा ‘परत’. मधलं काही नको.
शून्य: बॉम्ब.

टॅल्ड म्हणजे इंजिन नसलेलं फसवं ग्लायडर, हॉर्नेटला लावता येतं. कुब त्याच्यावर डाफरते, रडार पेटतं आणि हार्मला घर सापडतं. जून १९८२ मध्ये बेका खोऱ्यात इस्रायलने सिरियाच्या बॅटऱ्यांवर हीच युक्ती केली होती: आधी चालकविरहित विमानं पाठवून रडार चालू करायला लावली, मग मारा.

कोकणकडा

वेळापत्रकाला +१. रस्त्याबद्दल बोलतो.

समुद्रावरून खाली जायचा मोह सोडा. साठ मीटर उंचीवर गेलात तरी रडारची दृष्टिरेषा ४० किमीच्या आसपास येते. कुबचा पल्ला २५. म्हणजे पल्ल्यात शिरण्याच्या खूप आधी तुम्ही दिसलेले असता, आणि आडोसा म्हणावा तर एक लाट. वर इंधन जास्त जळतं ते वेगळंच. हॉर्नेटनी समुद्रावर राहायचं ते उंचावर आणि लांब.

ए-१० ना पूर्वेकडचे डोंगर द्या. कोडोरी नदीची दरी डोंगरातून उतरून सुखुमी विमानतळाजवळच समुद्राला मिळते, तिच्या दक्षिणेच्या रांगेमागे थांबायला जागा आहे. पण दरीत घुसून शेवटपर्यंत येऊ नका. तोंडाशी आलात की खालचे इग्लावाले तुमची वाटच बघत असतात, आणि इग्ला उष्णतेवर येते, त्यामुळे आरडब्ल्यूआर (रडारची चाहूल देणारं यंत्र) गप्प बसतो. धूर दिसला तर दिसला.

पंधरा_हजार_फूट

कोकणकडांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. मे १९९९ मध्ये कारगिलला हवाई दलाने २७ तारखेला मिग-२१ आणि २८ ला एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांना गमावलं. नंतर उंची वाढवली आणि २४ जूनला टायगर हिलवर मिराज-२००० ने लेझर बॉम्ब टाकले ते त्या क्षेपणास्त्रांच्या आवाक्याबाहेरून. गेममध्येही हेच चालतं. इग्ला साडेतीन किमी उंचीपर्यंत पोचते, शिल्का अडीचपर्यंत. ए-१० ने जमिनीपासून १५,००० फूट सोडायचे नाहीत. तोफेचा आवाज कितीही गोड असला तरी नाही. दर वेळी कोणीतरी एकजण ‘फक्त एक पास’ म्हणून खाली जातो.

गनपावडर_चहा

सरळ सांगू का, सुखोईवाल्यांना सेलमध्ये हॉर्नेट घ्यायला लावा. एका मोहिमेत तीन प्रकार कशाला?

श्क्वालवाला

का बरं? त्या तिघांकडे तुमच्या गटातलं सगळ्यात उपयोगी काम आहे. सुखोई-२५टी च्या पोटाखाली फँटास्मागोरिया पॉड (शत्रूचं रडार शोधणारा) लावा, पंखाखाली दोन ख-५८. ही रडारवर जाणारी क्षेपणास्त्रं कुबच्या पल्ल्याबाहेरून सुटतात. एकाने हे घ्यावं आणि हॉर्नेटच्या हार्मबरोबर उणे ५ लाच मारावीत. दोन दिशांनी आलेली चार-पाच क्षेपणास्त्रं एका रडारला झेपत नाहीत.

बाकी दोघांनी विखर (लेझरच्या मार्गदर्शनाची क्षेपणास्त्रं) घ्यावीत. श्क्वालमधून (सुखोईच्या नेम धरायच्या कॅमेऱ्यातून) आठ किमीवरून शिल्का टिपायच्या आणि सहाच्या आत जायच्या आधी वळायचं. कोणाचा केसही वाकडा होत नाही. मात्र हे सगळं ‘मेली’ ऐकल्यावरच.

एक गोष्ट ब्रीफिंगमध्ये विसरली जाते. सुखोईचा उंचीमापक मीटरमध्ये आणि वेग किमी/तासमध्ये असतो. तुम्ही रेडिओवर ‘वीस हजारावर या’ म्हणालात की तो बिचारा डोक्यात भागाकार करत बसतो. नीबोर्डवर (वैमानिकाच्या मांडीवरच्या टिपणाच्या पानावर) दोन्ही आकडे छापा: १५,००० फूट म्हणजे ४,५७० मीटर, २०,००० म्हणजे ६,१००. शिवाय त्याला डेटालिंक (विमानांमधली माहितीची देवाणघेवाण) नाही, तुमचे वे-पॉइंट (मार्गावरच्या ठरलेल्या खुणा) क्रमांक त्याला कळत नाहीत. ‘पुलाच्या उत्तरेला’, ‘धावपट्टीचं समुद्राकडचं टोक’ असं बोला.

उडता_डोंबिवलीकर

हे झकास आहे! ख-५८ चं माहीतच नव्हतं, तिघंही खूश होतील. दोन शंका. टॉर ठेवू की काढू? आणि टाक्यांवर जेडॅम (जीपीएसवर जाणारे बॉम्ब) टाकायचे की लेझर?

फ्लेअर_संपले

टॉर पहिल्या खेपेला काढा. ती हार्मलाच हवेत पाडते, मग वेळापत्रकाची शेंडी तुटते आणि का तुटली ते नवख्यांना कळत नाही. कुबवर हात बसला की परत आणा. तेव्हा लक्षात ठेवा, टॉरच्या एका गाडीवर आठच क्षेपणास्त्रं असतात. टॅल्ड जास्त सोडून ती आधी संपवायची. वायपर तोवर राखीव ठेवा, एचटीएस पॉड (रडार शोधणारा) आणि दोन हार्म लावून. पहिली फेरी चुकली तर उणे ३ च्या आधी दुसरी मारायला कोणीतरी हवं, आणि वर शत्रूची लढाऊ विमानं आली तर तेही त्याच्याच गळ्यात.

पंधरा_हजार_फूट

टाक्या हलत नाहीत, जेडॅम. ढग असले तरी फरक पडत नाही. उभ्या विमानांवर लेझरवाले जीबीयू-१२, पण दोन्ही ए-१० ना वेगळे लेझर कोड द्या. मूळ कोड सगळीकडे १६८८ असतो. दोघांनी तोच ठेवला तर एकाचा बॉम्ब दुसऱ्याच्या ठिपक्यामागे जातो. एकाला १५११, दुसऱ्याला १५२२ द्या, आणि लेझर टाकणारा पॉड व बॉम्ब दोन्हींत तोच आहे ना हे टॅक्सीआधी एकमेकांना वाचून दाखवा.

कोकणकडा

मोहीम बांधायच्या एडिटरमधलं राहिलं. कुबच्या गटाला अलार्म स्टेट (सावधपणाची पातळी) ‘रेड’ ठेवा, नाहीतर रडार उशिरा जागं होतं आणि टॅल्ड फुकट जातात. हार्म आल्यावर रडार बंद करायचा पर्यायही तिथेच आहे. तो पहिल्यांदा बंद, सराव झाल्यावर चालू. चालू केलात की हार्म लागली नाही तरी ती तेवढा वेळ रडार आंधळं ठेवते, आणि ए-१० ना तेवढंच हवं असतं.

कोबुलेतीला धावपट्टी एकच आहे. सुखोई आणि ए-१० ना आधी रांगेत लावा, हॉर्नेट मागे.

उडता_डोंबिवलीकर

वाचनखूण साठवली. टॉर काढली, सुखोई एक ख-५८ वर आणि दोन विखरवर, कोड वाटून दिले. न्यू जर्सीवाल्याला वायपरचं राखीव काम दिलंय, तो कुरकुरतोय की ‘मी काहीच मारणार नाही’. त्याला हा धागा पाठवतो. नीबोर्डचं पान बनलं की इथेच टाकतो, मीटरचे आकडे कोणीतरी तपासा.