गरम खव्यावर आयोडीन निळं होत नाही, बाटली खराब की खवा?

पेढेवाली_कोरेगाव
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात कोरेगावला घरीच कंदी पेढे करते, खवा बाहेरून घेते. भेसळ बघायला टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत ठेवलंय. परवा भट्टीवरून आलेला खवा चटका बसेल इतका गरम होता. सुपारीएवढा तुकडा बशीत घेऊन दोन थेंब टाकले. नुसता तपकिरी डाग. खवा चोख म्हणून दहा किलो उतरवून घेतला. अर्ध्या तासाने बशी घासायला घेतली तर डागाची कडा निळी-काळी, मधे अजून तपकिरीच! शिवाय बाटलीतलं पाणी आधी कोऱ्या चहासारखं होतं, ते फिकट झालंय, आणि मैद्याच्या खळीने चिकटवलेली चिठ्ठी मागून निळीकाळी पडलीय. मी गिऱ्हाइकाला काय सांगू?

वाईकर_७
ताई, आयोडीन जुनं झालं की असंच होतं. नवीन आणा, दुसरं काही नाही.

लॅबकाका_सांगली
ताई, चूक तापमानाची आहे. ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं सहायक होतो, हे रोज पाहिलंय.

स्टार्चमधला अमायलोज स्प्रिंगसारखा वेटोळ्यात असतो. आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसलं की निळा रंग येतो. गरम असताना वेटोळं सैल पडतं, आयोडीन सुटतं, रंग जातो. गार झालं की परत येतो. बशीची कडा आधी गार झाली, म्हणून आधी तीच निळी झाली. दुधात स्टार्च नसतोच, त्यामुळे निळा रंग म्हणजे खव्यात पीठ किंवा तत्सम काही मिसळलंय.

आता बाटली. आयोडीन ११३.७ अंशाला वितळतं, पण त्याच्या खूप आधीपासून, घरातल्या हवेतसुद्धा, त्याची वाफ होत राहते. ती प्लास्टिकमधून आरपार जाते. तुमच्या चिठ्ठीमागच्या खळीत मैदा, म्हणजे स्टार्चच. बाटलीनेच स्वतःची टेस्ट करून दाखवली! तपकिरी काचेची, काचेच्या बुचाची बाटली घ्या.

मुलांना मी आयोडीनचे काळे चकचकीत खडे चंचुपात्रात टाकून वर थंड पाण्याची वाटी ठेवून दाखवायचो. जांभळी वाफ हवेच्या जवळपास पावणेनऊ पट जड, त्यामुळे तळाशी रेंगाळते. वाटीच्या बुडाला मग पातळ चकाकत्या पापुद्र्या धरतात. पॅरिसला १८११ साली कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी समुद्री शेवाळाच्या राखेवर जास्त आम्ल ओतलं तेव्हा हीच जांभळी वाफ निघाली होती. पोरं ‘आयोडीन वितळतच नाही’ असं लिहायची. झाकलेल्या परीक्षानळीत झटकन तापवा, काळा द्रव डोळ्यांनी दिसतो.

तुम्ही असं करा. आधी मैद्याच्या गार पाण्यात थेंब टाका. निळं झालं तर आयोडीन चालतंय. मग थोडा खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, नंतरच दोन-तीन थेंब. तो तुकडा कुणी खायचा नाही.

हळद_तासगाव
काका, हळद पावडरीला पण हेच चालेल का? मी केली तर काळी झाली. व्यापाऱ्याशी भांडून आलोय.

लॅबकाका_सांगली
नाही दादा, थांबा. हळदीच्या गड्ड्यात स्वतःचा स्टार्च भरपूर असतो, शिजवून वाळवल्यावरही राहतो. घरचं एखादं अख्खं हळकुंड कुटा आणि त्यावर थेंब टाका, तेही काळं पडेल. आपल्या सांगलीत हळदीचा इतका मोठा बाजार, तिथे या टेस्टवरून कुणाला चोर ठरवू नका. व्यापाऱ्याला आजच फोन करा. शंका राहिलीच तर नमुना अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत द्या.

पेढेवाली_कोरेगाव
काका, आत्ताच केलं. मेडिकलमधून नवीन टिंक्चर आणलं, मैद्याचं पाणी लगेच निळं झालं. खवा उकळून भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं. कोमट असताना काही नाही, गार झाल्यावर दौतीतल्या शाईसारखा निळा. शेजारच्या गोठ्यातलं दूध आटवून त्याच्यावरही बघितलं, ते तपकिरीच राहिलं. दहा किलो बाजूला ठेवलाय, सकाळी परत पाठवते. त्यातला एकही पेढा अजून वळला नव्हता, एवढं बरं.