तालमूदमधली वजनमापं: अध्यात्म की निव्वळ ग्राहकसंरक्षण?

मापटं:
बाबिली तालमूद म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ. त्यातल्या 'बावा बात्रा' या भागाचा पाचवा अध्याय म्हणजे चक्क दुकानदारी. घाऊक व्यापाऱ्याने मापं 30 दिवसांतून एकदा पुसायची, घरचा माल विकणाऱ्याने वर्षातून एकदा. किरकोळ दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा, वजनं एकदा आणि पारडी दर तोलाला. हे सगळं ओल्या मालासाठी. सुक्याला गरज नाही, असंही तिथेच म्हटलंय. आता यावर 'मनाचं माप पुसा' छापाची प्रवचनं झोडणं मला पटत नाही. तेलामधाचा थर बसला की माप आतून लहान होतं आणि गिऱ्हाईक नाडलं जातं, इतका सरळ हिशेब आहे. उलट वजनालाच काही चिकटलं तर विकताना तोटा दुकानदाराचा, पण तेच वजन वापरून तो माल खरेदी करतो तेव्हा फायदाही त्याचाच. यात आत्मा कुठून आला?

शीग:
पान 89ब वाचलंत का? तिथे ठगांच्या युक्त्या एकेक करून दिल्यात. वजनं मिठात पुरून ठेवू नयेत. धान्याचं माप सपाट करायची दांडी भोपळ्याची नको, फार हलकी. धातूची नको, फार जड. ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या लाकडाची चालेल. एक कड जाड, एक बारीक अशीही नको. यावर रब्बान योहानान बेन जक्कई या ज्यू पंडितांची पंचाईत होते. हे सांगावं तर ठग शिकतील. न सांगावं तर ठग म्हणतील, पंडितांना आमचा धंदा कळतच नाही. शेवटी त्यांनी सांगितलं, आणि आधार दिला बायबलातल्या होशेय या पुस्तकाच्या शेवटच्या वचनाचा: परमेश्वराचे मार्ग सरळ आहेत, नीतिमान त्यांवरून चालतात, अपराधी तिथेच अडखळतात. नुसती नियमावली लिहिणारा काटा मारणाऱ्यांच्या शिकण्याची एवढी चिंता करतो का?

मापटं:
करतो की. कायदा करणाऱ्यांपुढे हा पेच नेहमीच असतो. त्याच पानावर 'राव' नावाचे पंडित म्हणतात, खोटं माप घरात लघवीचं भांडं म्हणूनसुद्धा ठेवू नये. प्रवचनकारांना हे फार आवडतं. पण पुढचं वाक्य ते गाळतात: राव पापा हे दुसरे पंडित म्हणतात, जिथे मापांवर सरकारी शिक्का असतो तिथे हरकत नाही, कारण शिक्का नसेल तर गिऱ्हाईक घेणारच नाही. मनशुद्धीचा प्रश्न असता तर शिक्क्याने काय फरक पडला असता?

पारडं:
त्याच्याही पुढचं वाचा की! शिक्का नसला तरी तपासनीस फिरत असतील तर चालेल, अशी आणखी एक सूट पुढे येते. ती मात्र गमारा, म्हणजे तालमूदमधला चर्चेचा भाग, फेटाळते: तिन्हीसांजेला घाईत कुणीतरी तेच माप उचलून माल मोजेल. तपासनीस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, असा त्याचा अर्थ. तुम्ही याला व्यवहार म्हणाल. मी म्हणेन, माणूस घाईत कसा वागतो याची इतकी बारीक जाण असणं हीच नीती.

घाणा:
तेलाचं कुणीच काढलं नाही! तेल ओतून झालं की विक्रेत्याने आणखी तीन थेंब पडू द्यायचे. मग माप आडवं केल्यावर आत जे जमेल ते विक्रेत्याचं. किरकोळ दुकानदाराला थेंबांची सक्ती नाही, कारण गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. रब्बी यहुदा या पंडितांच्या मते मात्र ही सूट फक्त शुक्रवारी अंधारून येताना, शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) तोंडावर असताना. (कोकणातले बेने इस्राएल ज्यू तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्याकडे शतकानुशतकं तालमूद नव्हता, हा भाग वेगळा.)

मापटं:
थेंबांचं मान्य. पण तिथेही उरलेलं तेल विक्रेत्याचंच ठरवलंय. 'सगळं देऊन टाक' असं कुणी म्हणत नाही.

शीग:
म्हणायचं कशाला? त्याच अध्यायात पारडं गिऱ्हाइकाकडे वीतभर नव्हे, चार बोटं झुकू द्यायला सांगितलंय. आणि जिथे शीग लावून द्यायची रीत आहे, तिथे 'सपाट देतो, भाव कमी लावतो' असं म्हणणाऱ्याचंही ऐकायचं नाही. दोघं राजी असले तरी नाही. हे कुठल्या ग्राहक कायद्यात बसतं ते सांगा.